मानाची नळी

गेणबाचा ढवळा बैल ऐन चिखलणीत लंगडला. रिह्याच्या खोऱ्यात सगळ्यांची भातलावणीची आवणं उरकत आली, तरी गेणबाची चार खाचरं पाण्यानं भरून नुसतं आभाळ दाखवत राहिली. भातरोपांचा तरवा केव्हाच लावायला आला होता. आणखी काही दिवस जागच्या जागी राहिला असता तर त्याला पेरं धरली असती, आणि मग लावला काय न लावला काय, सारखंच. बैल मागचा पाय उचलून गोठ्यात उभा. गेणबा बैलाकडे बघायचा, मग आभाळाकडे बघायचा, मग सुस्कारा सोडून बायकोकडे बघायचा. सारजाबाई बैलाला, आभाळाला आणि नवऱ्याला, तिघांनाही कंटाळली होती.

"नुसतं बघून बैल बरा हुतोय व्हय?" ती म्हणाली. "इर्जिक घाला."

इर्जिकीला मजुरी नसते. भावकीतले, शेजारचे, वाडीवरचे आपापले बैल आणि आपापले हात घेऊन येतात, दिवसात काम उरकून देतात आणि ज्याचं शेत तो त्यांना पोटभर जेवू घालतो. आखाडातली इर्जिक म्हणजे बोकड आलाच. बोकड गेणबाच्या दावणीला होता, चांगला गुबगुबीत होता. अडचण बोकडाची नव्हतीच. अडचण होती बोकडाच्या मागच्या उजव्या तंगडीची.

त्या तंगडीची नळी मानाची. ती ज्याच्या पानात पडेल तो इर्जिकीतला मोठा माणूस. बाकीच्या नळ्या कुणीही चोखाव्यात, त्यांचं कुणाला सोयरसुतक नसे. मागल्या साली कुशाबाच्या इर्जिकीत ती नळी चुकून त्याच्या मेव्हण्याच्या पानात गेली आणि हैबतराव भरल्या पानावरून उठले. हात न धुता तसेच घरी गेले म्हणतात. तेव्हापासून कुशाबा त्यांना दिसला की आडवाटेनं जायचा.

हैबतराव म्हणजे भावकीतलं सगळ्यात वडील माणूस. मिशा कापसासारख्या, आवाज खळ्यावरून ओढ्यापलीकडे जाणारा. घरात ठासणीची बंदूक. त्यांना नळी नाही दिली तर धडगत नव्हती. पण यंदा जावईही येणार होता. नेऱ्याचा जयसिंग, लग्नाला वर्ष झालेलं, स्वतःची बैलजोडी घेऊन येतो म्हणून आपणहून निरोप पाठवलेला. जावयाच्या पानात साधं मटण आणि दुसऱ्याच्या पानात नळी, हे नेऱ्यात कळलं असतं तर पोरीला माहेरावरून टोमणे वर्षभर पुरले असते. आणि तिसरा सावळ्या. डोंगरावरच्या वाडीचा. तो आणि त्याची बायको गंगू अख्खी वाडी घेऊन उतरणार होते. आवणीला खरे हात त्यांचेच. मागं एकदा कुणीतरी "तुमाला काय, रस्सा मिळाला की झालं" असं बोललं, तर वाडी रोपांच्या मुठी टाकून चढणीला लागली होती.

"तिघं आन नळी येक," सारजाबाई म्हणाली. "कशी निस्तरायची?"

गेणबा मान खाजवत हसला. "मटाण माझ्या हाती हाय. तू तुझ्या भाकरी बघ."

इर्जिकीचं मटण बाप्यांनीच मांडवात रांधायचं, अशी रीत. त्यामुळे सारजाबाईनं पुढं काही विचारलं नाही. आदल्या दिवशी गेणबा सुताराकडून करवत मागून घेऊन आला तेव्हासुद्धा तिला वाटलं, औताचं काहीतरी असेल.

इर्जिकीच्या दिवशी पाऊस मनासारखा होता. झिमझिम, उघडीप, परत झिमझिम. जयसिंगची जोडी चिखल घोटत होती, बायका तरवा उपटून मुठी बांधत होत्या आणि खाचरात इरली पाठीवर घेतलेल्या माणसांची रांग वाकून मागं सरकत होती. पहिली पात हैबतरावांनी धरली. या वयातही त्यांचा हात चिखलात टपाटपा पडायचा. बाजूच्या पातीला सावळ्या. तो मुद्दाम त्यांच्याबरोबर राहायचा; पुढं जाणं त्याला सहज जमलं असतं, पण म्हाताऱ्याचा मान राखायचा म्हणून अधूनमधून उगाच थांबून नाक पुसायचा. हैबतरावांना ते कळत होतं की नाही, देव जाणे.

आणि बांधावरून भुंग्या येरझाऱ्या घालत होता.

भुंग्या सारजाबाईचा कुत्रा. काळाभोर, भुवयांच्या जागी दोन पिवळे ठिपके, डावा कान मध्येच दुमडलेला. तो कान रानडुकरानं फाडला होता. मागल्या साली भात पिकलं तेव्हा डुकरांचा कळप खाचरात घुसला, आणि माळ्यावर झोपलेला गेणबा खाली उतरेपर्यंत भुंग्यानं एकट्यानं तो हुसकावला. कान लोंबत घरी आला. सारजाबाईनं जखम मिठाच्या पाण्यानं धुतली, स्वच्छ फडकं दाबून रक्त थांबवलं, हळद भरली. पुढं त्यात किडे पडले तेव्हा सीताफळीचा पाला वाटून त्याचा रस पिळला, कुत्र्याला जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्यात जुनं सूप अडकवलं. सूप घालून हिंडणारा कुत्रा बघून गाव हसून हसून लोळलं. "सारजाबाईचं धाकटं लेकरू" म्हणायचे त्याला. म्हणेनात. त्या साली खोऱ्यात सगळ्यांची भातं डुकरांनी लोळवली, गेणबाचं तेवढं उभं राहिलं होतं.

दुपारी दोन खाचरं लावून झाली तेव्हा गेणबानं मांडवातून हाळी दिली. जेवण दुपारीच ठेवलेलं, कारण संध्याकाळी ओढ्याला पाणी चढतं आणि वाडीच्या माणसांना उजेडात पार व्हावं लागतं. चिखलाचे पाय धुऊन पंगत बसली. सारजाबाई दारातून भाकरी पुरवत होती. तिनं बघितलं, गेणबा वाढता वाढता हैबतरावांच्या कानाशी वाकला, काहीतरी पुटपुटला, आणि हैबतरावांच्या मिशा वर गेल्या. तिचा जीव भांड्यात पडला. नळी पोचली म्हणायची. मग जावयाचं काय झालं, सावळ्याचं काय झालं, हे बघायला तिला सवड मिळाली नाही. तव्यावरची भाकरी करपत होती.

पंगत उठल्यावर गेणबा मागच्या दारी आला. हातात पळसाच्या पानाची पुडी.

"घे. तुझ्यासाठी राखलीया."

तिनं पान उघडलं. आत नळीचा तुकडा, रश्श्यानं माखलेला, आत मगज गच्च भरलेला.

"ह्यी मानाची?"

"हळू बोल की."

"आन हैबतआबा? त्यांच्या पानात काय वाढलंत?"

"त्यांचं मी बघतो. तू खा. उभ्यानं भाकरी तोडून दिवस काढतीस, मला दिसत न्हाई व्हय?" एवढं बोलून गेणबा निघूनही गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असलं काही बोलल्यावर त्याला तिथं उभं राहवत नसे.

सारजाबाईला कसंतरीच झालं. सगळ्यात मोठ्या माणसाच्या तोंडचा घास काढून नवऱ्यानं बायकोला दिला, हे बाहेर कळलं तर काय? टाकावं तर जीव होईना. शेवटी ती गोवऱ्यांच्या उडवीआड बसली, तोंडावर पदर घेतला आणि मगज चोखून काढला. चव म्हणाल तर अशी होती की डोळे आपोआप मिटले. शेपटी हलवत भुंग्या पुढं बसलेलाच होता. तिनं रिकामी नळी त्याच्याकडे टाकली, पदराला हात पुसले आणि खाचराकडे गेली.

तिसऱ्या खाचरात पात मध्यावर आली असेल नसेल, तेवढ्यात बांधावरून कुशाबा ओरडला, "कुत्रं पिसाळलं! पळा!"

गोठ्याकडून भुंग्या येत होता. धड पळत नव्हता, धड चालत नव्हता. मान झटकत होता, मध्येच बसून तोंड जमिनीला घासत होता, परत उठत होता. जबडा अर्धवट उघडा, मिटतच नव्हता. लाळेच्या तारा छातीपर्यंत लोंबत होत्या आणि लाळेत लाल रंग दिसत होता.

मग काय विचारता! मुठी पडल्या तिथं पडल्या. बायका पोरं उचलून मांडवात पळाल्या. जयसिंगनं बैल सोडले. वाडीची माणसं पलीकडच्या बांधावर चढली. त्यांना हसण्यात अर्थ नव्हता. मागल्याच उन्हाळ्यात शेजारच्या गावात पिसाळलेलं कुत्रं शिरलं होतं. दोन वासरं गेली आणि एका गड्याला पोटात सुया घ्यायला पुण्याला न्यावं लागलं होतं. तो माणूस अजून पोट धरून सुयांच्या गोष्टी सांगायचा.

"कुशाबा, माझी बंदूक आण," हैबतराव म्हणाले. इतक्या दिवसांनी त्यांनी आपल्याला हाक मारली, या आनंदात कुशाबा वाऱ्यासारखा पळाला.

सारजाबाई खाचरातच उभी होती. भुंग्या पाटापाशी गेला आणि त्यानं पाण्यात तोंड घातलं. लपलप करू बघितलं, पण पाणी तोंडातून तसंच बाहेर आलं.

"बघा, पाणी पीत न्हाई!" कुणीतरी ओरडलं.

"पीत न्हाई, पर प्यायला गेलाय," सारजाबाई म्हणाली. "आपल्या पायांनी गेलाय."

भुंग्यानं पुढचा पंजा उचलला आणि तोंडात घालून ओढला. परत उचलला, परत ओढला. दर वेळी आतूनच काहीतरी ओरबाडत होता. पिसाळलेलं कुत्रं समोर दिसेल त्याला चावतं, ते स्वतःच्या तोंडात पाय कशाला घालेल? दुपारी तर हा धडधाकट शेपटी हलवत समोर बसला होता. समोर बसून नळी... आपणच टाकलेली नळी. आपणच.

कुशाबा बंदूक घेऊन धापा टाकत आला. हैबतरावांनी बार भरायला घेतला. पावसाळ्यानं दारू सर्दावली होती, ते तिला फुंकर घालत होते.

"आबा, थांबा," सारजाबाई चिखलातून पाय ओढत त्यांच्यासमोर आली. "भुंग्या पिसाळला न्हाई. त्याच्या तोंडात हाडूक अडाकलंय."

"तू त्याच्या तोंडात जाऊन आलीस व्हय? बाजूला हो."

"तोंडाला पाय मारतोय बघा की. माझं ऐका, आबा."

"सारजे, कुत्रं तुझं हाय म्हून तुझा जीव तुटतोय. पर हितं लेकरं हायेत. उद्या कुणाला चावलं तर?" आता त्यांचा आवाज कडक नव्हता, म्हणूनच तिला जास्त भीती वाटली. "हाडूकच हाय हे तुला कशावरनं ठावं?"

सारजाबाईनं गेणबाकडे बघितलं. गेणबा मांडवाच्या मेढीला धरून उभा होता आणि तिच्याकडे बघून बारीक मान हलवत होता. नको, नको. बिचारा माझ्यासाठी घाबरलाय, तिला वाटलं. खरं सांगितलं तर हैबतराव अपमानानं लाल होतील, भावकी तोंडात शेण घालेल. घरात मानकरी बसलेले असताना बाईनं मानाची नळी उडवीआड बसून खाल्ली, हे रिह्यात पिढ्यान् पिढ्या चघळलं जाईल. आणि नाही सांगितलं तर भुंग्या गेला.

"म्याच टाकलं हुतं त्याला," ती म्हणाली. "नळीचं."

"कसल्या नळीची गोष्ट करतीस?"

"मानाच्या." तिनं चिखलाकडे बघितलं. "ती मी खाल्ली, आबा. काय बोलायचं त्ये मला बोला. कुत्र्याला मारू नगा."

सारजाबाईनं डोळे मिटून घेतले. पण बोलणं बसलं नाही. वर बघितलं तर हैबतराव रागावलेले नव्हते. बुचकळ्यात पडलेले होते.

"तू कशी खाशील?" ते म्हणाले. "ती तर माझ्या पानात हुती. म्या खाल्ली."

"आबा, तुमची कायतरी चूक हुतीया," जयसिंग बैलांजवळून म्हणाला. "नळी माझ्या पानात वाढली. मामांनी सोता कानात सांगितलं, पाव्हणं, ही येकच हाय, बोलू नगा."

"मलाबी हेच बोलला!" हैबतराव म्हणाले. "मिशीला तूप लागू देऊ नगा म्हणला, लोक बघतील."

पलीकडच्या बांधावरून सावळ्या हात वर करून ओरडला, "मंग माझ्या कनवटीला काय हाय?" त्यानं कनवटीतून हाडाचा पांढरा तुकडा काढला. "पोराला शिट्टी करायला ठेवलीया. ही बी मानाचीच! गेणबादा बोलले, डोंगराचा मान डोंगराला."

सगळे माना वळवून गेणबाकडे बघू लागले. गेणबा आता लंगड्या बैलाकडे बघत होता. तो बैल तिथून दिसतसुद्धा नव्हता.

"गेणबा," हैबतराव म्हणाले, "बोकडाला मागच्या उजव्या तंगड्या किती असत्यात रं?"

इकडे बाप्यांचं हे सुरू झालं आणि बंदुकीचा बार अर्धवट भरलेला राहिला. सारजाबाईनं ओळखलं, हीच वेळ आहे. तिनं गंगूला हाक मारली. "गंगू, तुझं इरलं घिऊन ये. सावळ्या, तू ये. गोठ्यातली घोंगडी आण, चुलीवरची सांडशी आण, आन फुंकणी."

"चावला म्हंजी?" सावळ्यानं विचारलं.

"चावू द्यायचा न्हाई म्हून तर सांगतीया. हाताला गोणपाट गुंडाळ. म्याबी गुंडाळते."

भुंग्या पाटाच्या कोपऱ्यात बांधाला टेकून बसला होता. अंग थरथरत होतं. कुणी पाठीमागं लागलं असतं तर तो पळत सुटला असता आणि दिसेल त्याला खरंच चावला असता. म्हणून सारजाबाई वाकून, हळूहळू, बाजूनं गेली. "ये माझ्या राजा. कुणी काय करत न्हाई." भुंग्याची शेपटी चिखलात एकदा आपटली. ती शेपटी बघून तिला रडू आलं, पण रडायला वेळ कुठं होता! गंगूनं पुढून इरलं आडवं धरलं, सावळ्यानं मागून घोंगडी टाकली आणि पायांसकट त्याला गुंडाळून मांडीत घेतलं. नुसतं डोकं बाहेर. भुंग्या एकदा जोरात उसळला, मग धापा टाकत राहिला.

"मान लई आवळू नगं. त्याला दम घिऊ दे," सारजाबाई म्हणाली.

फुंकणीला तिनं फडकं गुंडाळलं आणि ती एका बाजूच्या दाढांमध्ये आडवी सरकवली, म्हणजे जबडा मिटायला नको. गंगूनं फुंकणीची टोकं दोन्ही हातांनी धरली. सारजाबाईनं आत बघितलं. टाळूला, वरच्या दाढांच्या मधोमध, नळीचा तुकडा घराच्या आढ्यासारखा बसला होता. इकडून तिकडे गच्च. दोन्ही टोकं हिरड्यांत रुतलेली.

तिनं सांडशीनं तुकडा पकडला आणि पुढं ओढला. भुंग्या विव्हळला, तुकडा हलला नाही. परत ओढला. सांडशी निसटली आणि तिच्या अंगठ्याचं साल निघालं.

"जोरात वढा, वैनी!" सावळ्या म्हणाला.

"थांब. पुढं तोंड निमुळतं हाय. वढलं तर आनखी गच्च हुतंय." ती क्षणभर थांबली. मागं टाळू रुंद. म्हणजे आधी मागं रेटायला हवं. पण मागं रेटलं आणि सुटलं तर सरळ नरड्यात. तिनं सांडशी घट्ट आवळली, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, आणि तुकडा पेरभरच मागं रेटून तिरका केला. कट असा बारीक आवाज झाला. तुकडा मोकळा झाला आणि तिनं तो सांडशीसकट बाहेर काढला.

गंगूनं फुंकणी काढली. भुंग्यानं तोंड मिटलं. उघडलं, परत मिटलं. विश्वास बसत नसल्यासारखा त्यानं चार-पाच वेळा जबडा हलवून बघितला, आणि मग घोंगडीतून मान लांब करून सावळ्याचं नाक चाटलं.

"पिसाळला गं बाई, पिसाळला!" सावळ्या ओरडला आणि अख्खी वाडी खिदळली.

सोडल्याबरोबर भुंग्या पाटावर गेला आणि पाणी प्याला. इतका वेळ प्याला की हैबतरावांनी बंदूक कुशाबाकडे देऊन टाकली. सारजाबाईनं मिठाचं कोमट पाणी करून फडक्यानं त्याच्या हिरड्या टिपल्या, रक्त थांबेपर्यंत जवळ बसली. भाकरी किंवा हाड काही द्यायचं नाही, असं तिनं सगळ्यांना बजावलं, आणि मऊ भाताची पेज गार करून त्याच्यापुढं ठेवली.

हैबतराव चालत आले. त्यांनी तुकडा उचलला, पाटात धुतला, टोकावरून बोट फिरवलं.

"करवतीनं कापलंय," ते म्हणाले. गेणबाकडे बघितलंही नाही. तुकडा बंडीच्या खिशात टाकला, त्यात दुपारी लपवलेला त्यांचा स्वतःचाही होता. "पाव्हणं, तुमचाबी तुकडा आणा. सावळ्या, तुझा दे. सांजच्याला बघू."

"आबा, आयका तर..." गेणबा म्हणाला.

"सांजच्याला म्हणलो ना. तरव्यानं काय घोडं मारलंय? उपटून ठेवलाय त्यो. चला, पातीला लागा."

पात परत लागली. पण मघाची मजा गेली होती. कुणी गाणं म्हणेना. जयसिंग बैलांशीसुद्धा बोलत नव्हता. गेणबा मुठी पोचवत होता आणि दर फेरीला हैबतरावांच्या पाठीकडे बघत होता. आज म्हातारा उठून गेला असता तर एकदाच झालं असतं. आता कामभर मनात ठेवून सगळ्यांसमोर काय बोलेल याचा नेम नव्हता. एकदा बांधावर सारजाबाई जवळून गेली तेव्हा गेणबा हळूच म्हणाला, "त्वा मला बुडवलंस."

"आन तुमी मला फशिवलंत," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्यासाठी मोठ्या माणसाच्या पानातली काढली. सगळ्यांना वाटून उरली ती दिलीत."

गेणबा मूठ उचलून पुढं गेला. आणि ती नळी अर्धवट वाटणीची होती हे कळल्यापासून सारजाबाईच्या मनात जे खुपत होतं, ते तसंच खुपत राहिलं. कुत्रा वाचला होता, आवण उरकत होतं, आणि तरी बाईमाणूस एका हाडकावरून हिरमुसलं होतं. हसायचं असेल त्यानं हसावं.

दिवस मावळायच्या आत चौथ्या खाचराची शेवटची मूठ लागली. चारी खाचरं हिरव्या रेघांनी भरली. पाऊस उघडला. वाडीची माणसं ओढ्याकडे निघायच्या बेतात होती, तेव्हा हैबतराव बांधावरच्या सपाट धोंड्याजवळ बसले.

"समदी हितं या," ते म्हणाले.

समदी आली. भुंग्याही आला आणि मध्येच बसला. हैबतरावांनी खिशातून चार तुकडे काढले आणि टोकाला टोक लावून धोंड्यावर मांडले. करवतीच्या कडा एकमेकींत बसल्या. मागच्या उजव्या तंगडीची अख्खी नळी तयार झाली.

"ही मानाची नळी," हैबतराव म्हणाले. "येक माझी, येक जावयाची, येक सावळ्याची. गेणबा, त्वा आमाला गंडवलंस?"

"गंडवलं न्हाई, आबा. भागवलं," गेणबा चिखलाकडे बघत म्हणाला. "तुमी तिघंबी मोठं. कुणाला धाकटं करू?"

हैबतरावांनी बांधावर पडलेली तरव्याची काडी उचलली आणि आपल्या तुकड्याला लावून तेवढीच मोडली. मग तीच काडी जयसिंगच्या तुकड्याला लावली. बरोबर बसली. सावळ्याच्या तुकड्याला लावली. तिथंही बरोबर. म्हाताऱ्याची मान हलली. सगळे वाकून बघत होते. शेवटी त्यांनी काडी चौथ्या तुकड्याला लावली, कुत्र्याच्या तोंडातून निघालेल्या.

काडी कमी पडली. चांगली पेरभर कमी पडली.

हैबतरावांनी परत लावून बघितली. मग मान वर केली, आधी गेणबाकडे बघितलं आणि मग सारजाबाईकडे.

"ह्यो लांब कसा रं?"

"करवत घसारली असंल," गेणबा म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

"तिघांच्या वक्ताला घसारली न्हाई ती?"

आधी गंगू हसली. मग सगळ्या बायका, मग जयसिंग, आणि शेवटी हैबतरावांच्या मिशा हलायला लागल्या. त्यांनी आपला तुकडा उचलून सवयीनं भुंग्याकडे टाकायला हात वर केला, तसं सगळं खाचर एका आवाजात ओरडलं, "आबा, नगा!" हैबतराव दचकले. तुकडा मुकाट्यानं सावळ्याच्या हातावर ठेवून म्हणाले, "घे, दुसऱ्या पोराला शिट्टी कर."

धोतर झटकून ते उठले. घराकडे दोन पावलं गेले आणि परत वळले.

"गेणबा, पुढल्या इर्जिकीला करवत माझ्या हाती दे. आमचं तुकडं आनखी बारीक कापीन. पर हिचा आनखी चार बोटं लांब ठेवीन, म्हंजी कुत्र्याच्या टाळूत बसायचा न्हाई."

परत हशा उसळला. सारजाबाईला पदर तोंडावर घ्यायचा होता, पण दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात माखलेले. पाऊस केव्हाच थांबला होता, तरी तिनं बांधावरचं इरलं उचलून डोक्यावर घेतलं.